चोराच्या मनातले चांदणे

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. शिरड शहापूर हे आमचे गाव औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. त्या काळी हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीवाले होतो. शेजारच्या एका घरातून चांदीचे तोडे नाहीसे झाले. पोलिसांत जायचे कोणाच्या मनात आले नाही. बाहेरगावाहून हाजरात पाहणारे एक गृहस्थ बोलावले गेले. ज्यांना हाजरात ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लहान मुलाच्या अंगठ्याच्या नखावर काजळ आणि तेल लावतात, समोर दिवा ठेवतात, ऊद जाळतात. त्या काळ्या चकाकीत मुलाने टक लावून पाहायचे. मुलाचे मन निर्मळ, म्हणून मोठ्यांना न दिसणारे त्याला दिसते, असा समज. त्या दिवशी ते निर्मळ मूल म्हणजे मी होतो.

"झाडूवाला आला?" त्यांनी विचारले. मला नखात दिव्याची ज्योत तेवढी दिसत होती. पण भोवती वीस माणसे श्वास रोखून बसलेली. मी म्हणालो, "आला." "भिश्ती पाणी शिंपडतोय?" "शिंपडतोय." "सतरंजी अंथरली? बादशहा बसले?" "बसले." "आता त्यांना सांग, चोराला हाजीर करा. आला? डोक्याला काय आहे? पटका आहे का?" "आहे." "लाल?" मी म्हणालो, "लाल."

त्या घरच्या सालगड्याच्या डोक्याला लाल पटका होता. त्याला समोर उभे केले. त्याने लेकरांच्या शपथा घेतल्या, पण त्याला दरदरून घाम फुटला होता. कोणीतरी म्हणाले, "बघा, चोराच्या मनात चांदणं!" त्याचे साल मोडले. बायकोपोरांना घेऊन तो गाव सोडून गेला. पुढे पावसाळ्याच्या तोंडी त्या घरची ज्वारीची कणगी रिकामी केली, तेव्हा तोडे तळाशी निघाले. सालगड्याला शोधायला मात्र कोणी गेले नाही.

ही गोष्ट आज सांगायला कारण आहे. माणसाच्या मनात दडलेली माहिती, त्याने तोंड न उघडता, यंत्राने बाहेर काढता येते का, हा प्रश्न आपल्या देशाच्या न्यायालयांपुढे गेली वीस-बावीस वर्षे येतो आहे. आणि त्यातला जगभर गाजलेला खटला लांबचा कुठला नाही, आपल्या पुण्याचा आहे.

पण आधी थोडे मागे जाऊ. मनातला खोटेपणा शरीरावर उमटतो, ही समजूत फार जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्ये सांगितली आहेत : तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. या स्मृतीवरची मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या वेशीवरच्या आजच्या बसवकल्याणात. तांदूळ चावायला देण्याचेही एक दिव्य होते. भीतीने तोंड कोरडे पडते, हे त्यामागचे निरीक्षण. मराठेशाहीत रवा दिव्य असे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हातांना पिशव्या बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी गोताच्या समक्ष त्या सोडून हात पाहायचे. हात शाबूत तर माणूस खरा, फोड आले तर खोटा. अवघड काम पार पाडण्याला आपण अजूनही 'दिव्य करणे' म्हणतो, ते उगीच नाही.

या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दिव्य हा पहिला उपाय नव्हता. लेख आहे का, साक्षीदार आहे का, वहिवाट कोणाची आहे, हे आधी पाहायचे. ही माणसांची प्रमाणे संपली, तरच दिव्याकडे वळायचे. आमच्या फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, सूत्र असे की पुरावा देण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर, आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी. दोन्ही परंपरांनी एवढे ओळखले होते की, संशयिताच्या अंगातून सत्य पिळून काढण्याआधी आरोप करणाऱ्याने काही कष्ट घ्यायचे असतात.

विसाव्या शतकात तेलाच्या कढईची जागा यंत्राने घेतली. अमेरिकेत विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास खोटे बोलताना रक्तदाब वाढतो, या कल्पनेवर चाचणी बसवली. १९२३ साली फ्राय नावाच्या आरोपीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने ती पुरावा म्हणून घेण्यास नकार दिला. ज्या शास्त्रात ती मोडते, त्या शास्त्रातल्या जाणकारांमध्ये तिला सर्वसाधारण मान्यता नाही, हे कारण. याच मार्स्टनने पुढे 'वंडर वूमन' ही चित्रकथांची नायिका निर्माण केली. तिच्या हाती एक दोर असतो. त्यात अडकलेल्याला खरेच बोलावे लागते. प्रयोगशाळेत जे साधले नाही ते मार्स्टनने गोष्टीत साधून घेतले.

नाडी, श्वास आणि घाम एकत्र मोजणारा पॉलिग्राफ त्याच काळातला. त्याची अडचण आमच्या गावच्या सालगड्यासारखीच. घाम भीतीचा असतो, आणि भीती निरपराध माणसालाही वाटते. मग शोध सुरू झाला तो घामाच्या मागे जाऊन थेट मेंदूला विचारण्याचा. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूचे विद्युत्तरंग टिपले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. आज फेफऱ्याच्या रुग्णाचा 'ईईजी' काढतात तो हाच. १९६५ साली सॅम्युअल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा तरंग दाखवला. अनेक साध्या गोष्टींच्या रांगेत एखादी अनपेक्षित, अर्थपूर्ण गोष्ट आली, की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, मेंदूत एक लाट उठते. तिला 'पी-३००' म्हणतात. दहा अनोळखी चेहऱ्यांत आपल्या आईचा चेहरा दिसावा आणि मन दचकावे, तसे काहीसे.

मग अमेरिकी शास्त्रज्ञ लॉरेन्स फार्वेल यांनी या लाटेवर तपासाची पद्धत उभी केली. खुनाचे हत्यार कोणते, हे फक्त खुन्यालाच माहीत. पाच-सहा हत्यारांची नावे एकामागून एक दाखवा, खऱ्या नावाला लाट उठली तर ती माहिती त्या डोक्यात आहे. कल्पना चतुर आहे, यात वाद नाही. तिला नाव दिले गेले 'ब्रेन फिंगरप्रिंटिंग', मेंदूचे ठसे. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ साली कोलकात्यात उघडले. त्यामागच्या वर्गीकरणासाठी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलिस अधिकाऱ्यांनी डोके झिजवले होते. पण बोटाचा ठसा जन्मभर बदलत नाही. आठवण बदलते. नावात साम्य असले, तरी स्वभाव वेगळा.

अमेरिकेत टेरी हॅरिंग्टन या जन्मठेपेच्या कैद्याने ही चाचणी आपले निरपराधित्व दाखवायला वापरून पाहिली. त्याची २००३ साली सुटका झाली, पण आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तो मेंदूच्या लाटेवर नव्हे. पोलिसांनी मूळ खटल्यात दुसऱ्या संशयिताबद्दलचे कागद दडवले होते, हे कारण होते. म्हणजे तिथेही शेवटी कामी आला तो कागदच.

भारतात या पद्धतीला वेगळे वळण मिळाले. बंगळूरच्या 'निमहॅन्स' संस्थेत मानसशास्त्राचे प्रमुख राहिलेले चंपादी रमण मुकुंदन यांनी 'ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर', थोडक्यात 'बिऑस', ही चाचणी विकसित केली. संशयिताच्या डोक्यावर तारा जोडलेली टोपी घालतात. तो डोळे मिटून बसतो. त्याला बोलायचे नसते, फक्त ऐकायचे असते. ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकू येतात, तीही प्रथमपुरुषी : मी अमुक विकत घेतले, मी अमक्या ठिकाणी गेलो. संगणक मेंदूतले तरंग तपासतो. दावा असा, की ऐकून किंवा वाचून मिळालेली माहिती वेगळी आणि स्वतः केलेल्या कृत्याचा अनुभव वेगळा, आणि हा फरक यंत्राला कळतो.

महाराष्ट्रात याआधीच रस्ता मोकळा झाला होता. बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या आरोपींनी अशा चाचण्यांना आव्हान दिले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली ते फेटाळले. पॉलिग्राफ किंवा पी-३०० चाचणीत आरोपी कोणतेही 'निवेदन' करत नाही, म्हणून स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होत नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

आता पुण्याचा खटला. व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणीवर आरोप होता, की तिने आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक देऊन मारले. घटना २००७ची. नावे घेत नाही, त्याची गरज नाही. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिची बिऑस चाचणी झाली. तिने संमती दिली होती. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि तिच्या जोडीदाराला दोषी ठरवून जन्मठेप दिली. इतर परिस्थितीजन्य पुरावाही होता. पण निकालपत्रात चाचणीच्या निष्कर्षाला जागा मिळाली : या कृत्याचे 'अनुभवजन्य ज्ञान' तिच्या मेंदूत आहे. मेंदूच्या चाचणीचा असा आधार घेऊन शिक्षा देणारा हा जगातला पहिलाच निकाल असावा, अशी चर्चा परदेशी वृत्तपत्रांनी केली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला.

ती दोषी होती की नव्हती, हे ठरवणारा मी कोण? एक तरुण मुलगा गेला होता, त्याच्या आईबापांना न्याय हवाच होता. माझा प्रश्न त्या टोपीबद्दल आहे. ध्वनिमुद्रित वाक्ये कोणी लिहिली? तपासाची कहाणी ज्यांनी रचली, त्या कहाणीवरूनच ती बेतलेली असणार. कित्येक दिवस चौकशीत तीच कहाणी पुन्हा पुन्हा ऐकलेल्या माणसाला तीच वाक्ये ऐकवली, तर मेंदूत काही हलणार नाही का? "पटका आहे का? लाल?" हे विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होते.

हा केवळ माझ्यासारख्या कवीचा संशय नाही. २००८ सालीच निमहॅन्सचे तत्कालीन संचालक डॉ. डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मेंदूच्या या चाचण्यांना शास्त्रीय आधार पुरेसा नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून त्या वापरू नयेत, असे मत दिले. शास्त्रात दावा करणाऱ्याने आपली रीत उघड मांडायची, इतरांनी ती स्वतंत्रपणे करून पाहायची, असा शिरस्ता आहे. इथे परीक्षेआधीच निकाल लागला होता.

आणि समजा, चाचणी शंभरात नव्वद वेळा अचूक ठरते असे मानले. गावातल्या शंभर माणसांत चोर एकच आहे. सगळ्यांना टोपी घातली. चोर बहुधा सापडेल. पण उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी दहाजण चुकून चोर ठरतील. अकरा माणसे उभी, त्यातली दहा निरपराध. नव्वद टक्के हा आकडा ऐकायला केवढा भारदस्त वाटतो!

त्या काळात दूरचित्रवाणीवर अशा चाचण्यांच्या बातम्या रोज असत. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. पकडलेल्यांपैकी काहींना बंगळूरला नेऊन नार्को आणि त्यासोबतच्या चाचण्या झाल्या. इंजेक्शनच्या गुंगीत बरळणारी माणसे घराघरांत दिसत होती. पाहणारे म्हणत, "कबूल केलं बघा." आमच्या वस्तीत मात्र ती दृश्ये कोणी मोठ्या आवाजात लावत नसे. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाचा तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अंतिम शब्द काय यायचा तो येईल. पण मेलेल्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनंतरही स्फोट कोणी केले याचे पक्के उत्तर मिळालेले नव्हते, हे खरे. चाचणीत चुकीचा माणूस अडकला, तर दुःख त्या एकट्याच्या घरचे नसते. खरा गुन्हेगार मोकळा राहिल्याचे दुःखही त्यात मिसळलेले असते.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणात निर्णय दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांचे ते पीठ होते. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी, यांपैकी काहीही कोणावर त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. राज्यघटनेचे कलम २०(३) म्हणते, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तोंड उघडायला लावणे ही जशी सक्ती, तशीच तोंड मिटलेले असताना डोक्यातून उत्तर काढून घेणे हीही सक्तीच, असा या निर्णयाचा गाभा. संमतीने चाचणी झाली, तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा होत नाही. त्यातून हत्यार, कपडे असे काही प्रत्यक्ष हाती लागले, तर तेवढेच पुढे मांडता येते. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकिलाला भेटू द्यायचे, हे नियमही बांधले गेले.

तरी मोह सुटलेला नाही. २०२०च्या हाथरस प्रकरणात चारही आरोपींना गांधीनगरला नेऊन पॉलिग्राफ आणि बिऑस चाचण्या झाल्या. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सेल्वीची आठवण पुन्हा करून द्यावी लागली, आणि सर्व आरोपींची नार्को करू, हे पोलिसांचे म्हणणे मान्य करणारा पाटणा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करावा लागला. शिवाय कोठडीतल्या माणसाच्या 'हो'ला किती अर्थ असतो? तो नाही म्हणाला, तर पुन्हा तेच, चोराच्या मनात चांदणे.

माझा स्वतःचा धंदा आठवणींचा आहे. कविता लिहिणारा माणूस न पाहिलेलेही पाहिल्यासारखे सांगतो, आणि सांगता सांगता ते त्याने पाहिलेले होऊन जाते. हे कवींपुरतेच नाही. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली जॉन पामर यांच्यासह एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मोटारींच्या अपघाताची तीच चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा? दुसऱ्या प्रश्नाला लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने पुन्हा विचारले, तेव्हा त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

मी त्या नखात लाल पटका पाहिला नव्हता. हे मला पक्के ठाऊक आहे. पण पुढच्या वर्षांत तो प्रसंग मी मनात इतक्या वेळा पाहिला, की आता डोळे मिटले तर तो दिसतो : लाल पटका, वाकलेली पाठ, तोड्यांकडे जाणारा हात. आज माझ्या डोक्यावर ती टोपी घातली आणि "मी त्या माणसाला तोडे उचलताना पाहिले" हे वाक्य ऐकवले, तर माझ्या मेंदूत नक्कीच काहीतरी उजळेल. यंत्र म्हणेल, अनुभव आहे. यंत्र खोटे बोलणार नाही. आठवण माझ्या डोक्यात आहेच. फक्त तसे घडले नव्हते.

उद्या याहून सूक्ष्म यंत्रे येतील. मेंदूच्या आजारांवर त्यांचा उपयोग होवो. पण गुन्ह्याचा शोध म्हणजे पायपीट आहे. दुकानदाराची वही पाहणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणे, दिलेली वेळ जुळते का ते तपासणे, आणि आपलाच अंदाज चुकीचा निघाला तर तो टाकून देणे. आमच्या गावात त्या दिवशी वीस माणसे जमली होती. दोघांनी मिळून कणगी रिकामी करायला अर्धा तास पुरला असता.

तो सालगडी कोणत्या गावाला गेला, हे मी मोठेपणी अनेकांना विचारले. कोणालाच सांगता आले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)